नातवाच्या एका वर्षावर आजीची सही

पत्राचा सारांश: पत्रलेखिका निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. नोकरीच्या काळात त्यांनी अनेक वर्षे विद्यार्थ्यांची सेवाशिबिरे चालवली. त्या ज्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या सदस्य आहेत, त्या मंडळाने सरकारला देण्यासाठी एक निवेदन तयार केले आहे. अठरा ते एकवीस या वयोगटातील प्रत्येक तरुण-तरुणीला सैन्यात किंवा नागरी कामात एक वर्षाची राष्ट्रसेवा कायद्याने सक्तीची करावी, अशी त्यातील मागणी आहे आणि पहिली सही बाईंची असावी असा सर्वांचा आग्रह आहे. मसुदा घरात वाचून दाखवला तेव्हा त्यांचा एकोणीस वर्षांचा नातू म्हणाला, "आजी, माझं वर्ष तू परस्पर देऊन टाकतेस?" त्यानंतर तो या विषयावर बोलायलाच तयार नाही. त्या विचारतात: तरुणांकडे देशासाठी एक वर्ष मागणे हा अन्याय आहे का, सही करावी का, आणि नातवाशी बोलावे कसे?

आदरणीय बाई,

"शिबिरातून परतलेली मुले बदललेली असायची, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे," असे तुम्ही लिहिले आहे. तुमच्या मताचा सगळा भार या एका अनुभवावर आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू. हा अनुभव खरा आहे याबद्दल मला शंका नाही. परंतु तुमच्या शिबिरांना येणारी मुले स्वतःहून नाव नोंदवून येत होती, असेही तुम्हीच पुढे लिहिले आहे. ज्यांना यायचे नव्हते ती मुले घरीच राहिली आणि त्यांच्यावर शिबिराचा काय परिणाम झाला असता, हे पाहण्याची वेळ तुमच्यावर कधी आली नाही. तेव्हा तुमचा अनुभव ऐच्छिक सेवेच्या बाजूने भक्कम साक्ष देतो. सक्तीच्या बाजूने तो काहीच सांगत नाही आणि मंडळाची मागणी तर नेमकी सक्तीची आहे.

सक्तीने माणूस घडतो का, या प्रश्नाचे उत्तर शोधणे अवघड असते, कारण सेवेला गेलेले आणि न गेलेले मुळातच वेगळ्या स्वभावाचे किंवा वेगळ्या परिस्थितीतले असू शकतात. काही देशांत मात्र सैन्यात कोणाला बोलवायचे हे सोडतीने ठरत असे. तेथे ही अडचण राहत नाही, कारण नशिबाने निवडलेल्यांची तुलना नशिबाने सुटलेल्यांशी करता येते. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या काळात जन्मतारखांची सोडत काढली जाई. तिच्या आधारे अर्थशास्त्रज्ञ जोशुआ अँग्रिस्ट यांनी १९९० मध्ये दाखवले, की सेवेतून परतलेल्या श्वेतवर्णीय पुरुषांची कमाई, सेवा संपून बराच काळ लोटल्यावरही, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यासारख्याच इतरांपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी होती. ही तूट पुढे उतारवयापर्यंत भरून निघाली, हेही नंतरच्या अभ्यासात दिसले. अर्जेंटिनात ओळखपत्राच्या शेवटच्या तीन आकड्यांवरून सोडत होत असे. तेथील २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सक्तीची सेवा केलेल्यांच्या नावावर पुढील आयुष्यात गुन्ह्याची नोंद असण्याची शक्यता किंचित वाढलेली आढळली, आणि ज्यांनी युद्ध पाहिलेही नव्हते त्यांच्या बाबतीतही ती वाढलेली होती. हे दोन्ही अभ्यास सैनिकी सेवेचे आहेत, त्यामुळे रुग्णालयात किंवा वनीकरणावर घालवलेल्या वर्षाला ते जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तरीही 'शिस्त लावली की माणूस सुधारतो' हे गृहीत धरून लाखो मुलांचे वर्ष मागण्याआधी थांबून विचार करावा, एवढे वजन त्यांना निश्चित आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पुढचे वाचताना ते तुमच्यासमोर राहील. एखादे काम समाजासाठी अटळ असेल आणि ते दुसऱ्या कोणत्याही मार्गाने होत नसेल, तर सक्तीचा विचार करता येतो. मात्र ज्याच्यावर सक्ती करायची त्यालाच घडवण्यासाठी सक्ती करू नये. सज्ञान माणसाचे चारित्र्य दुरुस्त करण्यासाठी त्याच्या आयुष्यातील वर्ष काढून घेण्याचा अधिकार, माझ्या मते, सरकारला नाही आणि वडीलधाऱ्यांनाही नाही.

या कसोटीवर जगातील उदाहरणे तपासली तर बरेच काही स्पष्ट होते. फिनलंडची रशियाशी १,३०० किलोमीटरहून लांब सीमा आहे आणि त्या देशाने सक्तीची सैनिकी सेवा कधीच बंद केली नाही. स्वीडनने ती २०१० मध्ये स्थगित केली आणि भोवतालची परिस्थिती बिघडल्यावर २०१७ मध्ये पुन्हा सुरू करण्याचा निर्णय घेतला. लिथुएनियाने २०१५ मध्ये तेच केले. डेन्मार्कने १ जुलै २०२५ पासून अठरा वर्षांच्या होणाऱ्या मुलींनाही सोडतीत आणले. या निर्णयांशी कोणी सहमत असो वा नसो, त्यांमागचे कारण संरक्षणाचे आहे. सैन्याला माणसे हवी आहेत, ती पुरेशी मिळत नाहीत आणि धोका समोर दिसतो आहे. नॉर्वेत २०१५ पासून मुली आणि मुले दोघेही सेवेस पात्र धरले जातात, पण त्यातील लहानसा हिस्साच प्रत्यक्ष निवडला जातो आणि निवड करताना इच्छेचाही विचार होतो. कायदा सर्वांना लागू असला तरी सैन्य आपल्या गरजेपुरतीच माणसे घेते, ही गोष्ट तुमच्या मंडळाने लक्षात घेण्याजोगी आहे.

तुमच्या निवेदनातील कारणे मात्र निराळी आहेत. तरुण मोबाइलमध्ये हरवले आहेत, त्यांना कष्टांची सवय नाही, देशाविषयी आस्था उरलेली नाही, असे त्यात लिहिले आहे. हे खरे मानले तरी त्यातून कोणते काम करून घ्यायचे, हे कुठेच निघत नाही. ज्या मागणीत कामाचा उल्लेख एका ओळीपुरता आणि तरुणांच्या दोषांचा उल्लेख पानभर असतो, ती मागणी वाचताना एकोणीस वर्षांच्या मुलाला शिक्षा झाल्यासारखे वाटले तर त्यात नवल नाही.

नागरी सेवेच्या सक्तीबाबत कायद्याचाही एक प्रश्न आहे आणि तो मंडळाच्या नजरेतून सुटलेला दिसतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९३० च्या सक्तमजुरीविषयक करारात, शिक्षेचा धाक दाखवून आणि स्वेच्छा नसताना करून घेतलेल्या कामाला सक्तमजुरी म्हटले आहे. सक्तीच्या सैनिकी सेवेला त्यातून सूट आहे, पण काम निव्वळ सैनिकी स्वरूपाचे असेल तरच. सर्वसाधारण नागरी कर्तव्ये आणि आपत्तीच्या वेळचे काम यांनाही सूट आहे. याच संघटनेच्या १९५७ च्या करारात आर्थिक विकासासाठी मनुष्यबळ उभे करण्याची पद्धत म्हणून सक्तमजुरी वापरण्यास मनाई आहे. शांततेच्या काळात वर्षभर रस्ते बांधायला किंवा कार्यालयात फायली लावायला लावणे या चौकटीत बसवणे सोपे नाही. भारताच्या संविधानाचा अनुच्छेद २३ सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्याला देतो आणि ती लादताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करू नये असे बजावतो. म्हणजे एखाद्या देशाच्या कायद्यात दार उघडे असू शकते, पण त्यातून आत काय न्यायचे हे ठरवण्याची जबाबदारी मागणी करणाऱ्याची असते.

आता कामाकडे वळू, कारण राष्ट्रसेवेच्या चर्चा बहुधा येथेच विरळ होतात. दरवर्षी अठरा वर्षांचे होणारे सगळे तरुण एकाच वेळी सेवेत आले, तर त्यांना शिकवायला, राहण्याची सोय करायला, त्यांच्यावर देखरेख ठेवायला आणि आजारपणात त्यांची काळजी घ्यायला किती अनुभवी माणसे लागतील? तुम्ही शिबिरे चालवली आहेत, त्यामुळे नीट लक्ष न दिलेला स्वयंसेवक मदतीपेक्षा अडचणच जास्त करतो हे तुम्हाला माझ्याहून अधिक ठाऊक असेल. शिवाय वृद्धसेवा, स्वच्छता किंवा रुग्णांची ने-आण ही कामे आज कोणीतरी वेतन घेऊन करत आहे. वर्षभरासाठी जवळपास फुकट मिळणारे हात आले की त्या माणसांचा रोजगार आणि त्यांची पगारवाढीची ताकद दोन्ही कमी होतात. ज्यांना अगोदरच कमी मिळते त्यांच्या मजुरीवर श्रीमंत-गरीब सर्वांच्या मुलांची स्पर्धा आणून ठेवणे, हा समतेचा धडा म्हणता येणार नाही.

एका देशाचा अनुभव मात्र सक्तीच्या बाजूने मांडला जातो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. ऑस्ट्रियात सैनिकी सेवा सहा महिन्यांची आणि तिला पर्याय असलेली नागरी सेवा नऊ महिन्यांची आहे. रुग्णवाहिका आणि वृद्धसेवा या नागरी सेवेतील तरुणांवर बऱ्याच प्रमाणात अवलंबून आहेत. जानेवारी २०१३ मध्ये सक्तीची सेवा ठेवावी की नाही यावर तेथे सार्वमत झाले, तेव्हा सुमारे ६० टक्के मतदारांनी ती ठेवण्याच्या बाजूने कौल दिला आणि रुग्णवाहिका कोण चालवणार, हा प्रश्न प्रचारात फार महत्त्वाचा ठरला. कामाच्या गरजेचा मुद्दा येथे खरा आहे. पण त्याच मतदानात वयस्कर मतदारांचा कल सक्ती ठेवण्याकडे आणि तरुणांचा ती काढण्याकडे होता, हेही तितकेच खरे आहे. ज्यांना स्वतः सेवा द्यावी लागणार नव्हती त्यांनी बहुमताने ती देणाऱ्यांचा निर्णय केला. याउलट स्वित्झर्लंडमध्ये ३० नोव्हेंबर २०२५ रोजी पुरुषांवरील सेवेची सक्ती स्त्रियांनाही लागू करून तिला व्यापक नागरी सेवेचे रूप देण्याचा प्रस्ताव सार्वमतास आला आणि सुमारे ८४ टक्के मतदारांनी तो फेटाळला. खर्च हा एक आक्षेप होता. दुसरा मला अधिक महत्त्वाचा वाटतो: घरातील मुले, वृद्ध आणि आजारी यांची बिनपगारी सेवा स्त्रिया आधीच मोठ्या प्रमाणात करत आहेत, मग समानतेच्या नावाखाली त्यांच्यावर आणखी एक सक्ती कशासाठी? तुमच्या निवेदनात 'तरुण-तरुणी' असा शब्दप्रयोग सहज आला आहे. आजारी आईची शुश्रूषा करणाऱ्या मुलीला मंडळ कोणते वर्ष मागणार आहे, याचा विचार त्यामागे झालेला नाही.

'सर्व थरांतील मुले एकत्र राहिली तर भेद गळून पडतील' ही तुमची इच्छा मला मनापासून पटते. नायजेरियाने यादवी युद्धानंतर, १९७३ मध्ये, नेमक्या याच हेतूने पदवीधरांसाठी एक वर्षाची राष्ट्रीय सेवा सुरू केली आणि त्यांना आपले राज्य सोडून दुसऱ्या राज्यात पाठवायचे असा नियम केला. त्यातून अनेकांना आपल्याच देशाचा अपरिचित भाग पाहायला मिळाला. पण २०११ च्या निवडणुकीनंतर उत्तरेत उसळलेल्या हिंसाचारात, निवडणुकीच्या कामावर नेमलेल्या या सेवेतील काही तरुणांना जीव गमवावा लागला. सरकार सक्तीने एखाद्या मुलाला दूर पाठवते तेव्हा त्याच्या जिवाची जबाबदारीही घेते. इतकी मोठी मागणी करणाऱ्या निवेदनात सुरक्षिततेविषयी, विम्याविषयी किंवा तक्रार कोणाकडे करायची याविषयी एक वाक्यही नसावे, हे मला खटकले.

नकार देणाऱ्याचे काय करायचे, यावरही मसुदा गप्प आहे. सक्ती म्हटली की तिच्या शेवटी दंड, तुरुंग किंवा शिक्षण-नोकरीतील अडवणूक यांपैकी काहीतरी असतेच. मंडळातील प्रत्येकाने स्वतःच्या घरातील मुलाला यांपैकी कोणती शिक्षा मान्य आहे, हे सांगून मगच सही करावी.

तरीही तुमच्या नातवाचे म्हणणे मी पूर्णपणे उचलून धरत नाही. 'माझं वर्ष' हे त्याचे शब्द प्रामाणिक आहेत, पण आपले आयुष्य संपूर्णपणे आपल्या एकट्याचे आहे, असे गृहीत धरणे बरोबर नाही. समाज त्याच्याकडून बालपणीची अनेक वर्षे सक्तीच्या शिक्षणासाठी घेतो, पुढे कर घेईल, साथीच्या काळात घरी थांबायला लावेल आणि यातील बरेचसे तो न्याय्यही मानेल. देणे लागतो हे मान्य करूनही ते कोणत्या रूपात द्यायचे यावर वाद घालता येतो. त्याने केवळ नकार देऊन थांबू नये. ऐच्छिक सेवेतही एक मोठी त्रुटी आहे आणि तिचे उत्तर त्याने शोधायला हवे: घरचे पोट भरलेले असते त्यालाच बिनपगारी वर्ष देता येते, आणि ज्याला नव्या ओळखींची व कौशल्यांची सर्वांत अधिक गरज आहे तो पहिल्या दिवसापासून कमावायला लागतो.

माझ्या मते तोडगा येथेच आहे. तो नवा नाही. जर्मनीने १ जुलै २०११ पासून सक्तीची सेवा स्थगित केली, तिच्यासोबतची नागरी सेवाही संपली आणि तिच्या जागी संघराज्याची ऐच्छिक सेवा आली. अनिवार्य शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या कोणालाही तिच्यात जाता येते, वयाची वरची मर्यादा नाही आणि ती अर्धवेळही करता येते. फ्रान्सने २०१० मध्ये सोळा ते पंचवीस वयाच्या तरुणांसाठी मानधन असलेली ऐच्छिक नागरी सेवा सुरू केली. भारताचा इतिहासही याच दिशेने गेला. १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी नऊ महिने ते एक वर्षाची सक्तीची राष्ट्रीय सेवा सुचवली होती. खर्च आणि अंमलबजावणीच्या अडचणींमुळे ती शिफारस स्वीकारली गेली नाही आणि १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली. तुमच्या मंडळाला जे नव्याने सुचले आहे, त्याचा विचार फार जाणत्या माणसांनी आधी केला आहे आणि तो कोठे अडला हेही नोंदलेले आहे.

म्हणून माझा सल्ला असा: आहे त्या मसुद्यावर सही करू नका, पण मंडळालाही सोडून जाऊ नका. बैठकीत दुसरा मसुदा ठेवा. त्यात जो मागेल त्या प्रत्येकाला एक वर्षाच्या सेवेची जागा मिळेल अशी हमी मागा. जगण्यापुरते मानधन, निवास, विमा आणि सेवेनंतर शिक्षणात किंवा नोकरीत मोजली जाईल अशी नोंद मागा, कारण यांच्यावाचून गरीब घरातील मुले येऊ शकणार नाहीत. पगारी कामगाराच्या जागी सेवेतील तरुण नेमू नये, ही अट ठळकपणे घाला. संरक्षणासाठी सक्तीची गरज आहे असे मंडळातील कोणाला वाटत असेल, तर तो स्वतंत्र प्रश्न आहे, त्यावर स्वतंत्र निवेदन करावे. दोन्ही एकत्र केल्याने सैन्याच्या गरजेचा आदर वृक्षारोपणाच्या सक्तीला उसना मिळतो आणि दोन्ही प्रश्नांचा विचार अपुरा राहतो. आणि वयाची वरची मर्यादा काढून टाका. सेवा ही इतकी मोलाची असेल, तर निवृत्तीनंतर वेळ हाताशी असलेल्या माणसांनी तिच्यात आधी नाव नोंदवावे. तुम्ही स्वतः आठवड्यातील काही दिवस नव्या स्वयंसेवकांना शिकवू शकता. देखरेखीसाठी अनुभवी माणसे नाहीत ही मोठी अडचण मी वर मांडली आहे, आणि तुमच्यासारख्यांखेरीज ती दूर करणारे दुसरे कोण आहे?

नातवाशी बोलताना तुमचे मत मागे घेण्याची गरज नाही. मात्र ज्याच्या आयुष्याचा निर्णय होता त्यालाच न विचारता मसुदा तयार झाला, एवढे त्याच्यापाशी स्पष्ट शब्दांत मान्य करा. मग त्याला पटवायला न जाता दोन गोष्टी विचारा: कोणत्या अटींवर तू स्वतःहून एक वर्ष देशील, आणि कोणत्याच अटींवर देणार नसशील तर समाजाचे देणे तू कोणत्या मार्गाने फेडू इच्छितोस? उत्तर लगेच येणार नाही आणि पहिले उत्तर कदाचित तुटक असेल. त्याला आठवडाभर वेळ द्या. पालक किंवा शिक्षक म्हणून अशाच वादात सापडलेल्या इतरांनीही हेच करावे, कारण 'आमच्या वेळी' या शब्दांनी सुरू झालेले वाक्य तरुण पूर्ण ऐकत नाहीत. जे तरुण हे वाचत असतील त्यांनीही मोठ्यांच्या हेतूवर संशय न घेता त्यांच्या मसुद्यातील उणिवांवर बोट ठेवावे. त्या भरपूर सापडतील.

मंडळाने दुसरा मसुदा नाकारला, तर आपले भिन्नमत एका पानावर लिहून निवेदनासोबत जोडण्याची मागणी करा आणि तुमच्या सहीची जागा त्या पानाखाली ठेवा. नातवाची तयारी असेल तर त्यानेही आपली बाजू स्वतःच्या शब्दांत लिहून त्याच पानाला जोडावी, मग ती तुमच्याही विरुद्ध गेली तरी चालेल.